फेस धुवायचा नसतो

माझ्या आईला दोन गोष्टींची भीती वाटते. एक पोलीस आणि दुसरी भांड्याला राहिलेला साबण. मेलबर्नजवळच्या वेरिबीत ती माझ्याकडे तीन महिन्यांसाठी आली होती. माझा घटस्फोट नुकताच झाला होता आणि मी एकटी घरात काय खात असेन, काय पीत असेन, या काळजीने तिने पिंपरीहून थेट मेलबर्नचं तिकीट काढलं होतं. मग विमानं बंद झाली आणि ती माझ्याकडेच अडकली. व्हिसा वाढवून मिळावा म्हणून केलेला अर्ज कुठेतरी पडून होता. त्याचं उत्तर येईपर्यंत आपल्या हातून या देशात एकही चूक होता कामा नये, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला ठेवायला जातानाही ती मास्क आणि हातमोजे घालायची आणि पर्समध्ये पासपोर्ट ठेवायची.

"डब्यापर्यंत जायला पासपोर्ट कशाला गं?"

"कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार? तारेवर बसलेला मॅगपाय पक्षी?"

"तू हस. माझ्याच नशिबी यायचा एखादा."

नवरा गेला तेव्हा टीव्ही घेऊन गेला, कॉफीचं मशीन घेऊन गेला, चांगल्या उशासुद्धा घेऊन गेला. बिअर करायचा त्याचा ड्रम तेवढा गॅरेजमध्ये राहिला. पहिल्या लॉकडाउनमध्ये मी येता-जाता त्या ड्रमकडे बघून दातओठ खायचे. दुसऱ्या लॉकडाउनमध्ये तो बाहेर काढला, घासला आणि वापरायला घेतला. सगळं जग तेव्हा घरी पाव भाजत होतं. मला पाव भाजण्याइतका शांतपणा नव्हता. काहीतरी उकळावं, ढवळावं, आंबवावं आणि ते आपल्याला जमलं हे त्याला न कळवता आपल्यालाच कळावं, एवढंच हवं होतं.

आई रोज सकाळी आंघोळ करून बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावते आणि त्रिशरण-पंचशील म्हणते. त्यातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. ड्रम घरात आल्यापासून त्या ओळीला तिचा आवाज चढायला लागला, आणि तो बरोबर माझ्या खोलीच्या दिशेने चढायचा.

"तुझ्या आज्याने बाबासाहेबांचं ऐकून दारू सोडली," ती म्हणायची, "आणि त्याच्या नातीने परदेशात येऊन भट्टी लावली."

"भट्टी नाही गं आई. हॉबी आहे."

"भट्टीवालेही आधी हेच म्हणत असतील."

पण हाताला काम नसलं की तिला चैन पडत नाही. शेवटी तिने स्वतःच तोडगा काढला. दारूला हात लावणार नाही, पण रिकामी बाटली म्हणजे काही दारू नव्हे. बाटल्या धुवायला शीलाची हरकत नाही, असं तिने एका दुपारी जाहीर केलं. मला हसू आलं, पण मी ते गिळलं. घरात दोघीच असताना भांडणापेक्षा धुतलेल्या बाटल्या बऱ्या.

मला हे सगळं शिकवलं ते शेजारच्या म्हाताऱ्याने. बायको वारलेली, मुलगी पर्थला, आणि मधल्या राज्यांच्या सीमा बंद. कितीतरी वर्षं त्याने स्वतः बिअर केली होती, बायको गेल्यावर सोडून दिली होती. तरुणपणी कारखान्यात लेथवर काम करताना धातूची कपची उडाली आणि त्याचा डावा डोळा कायमचा गेला. तेव्हापासून उजव्या डोळ्यावर त्याचा सगळा कारभार चालला होता. गाडी चालवणं, वर्तमानपत्र वाचणं, गुलाब छाटणं, मुलीला व्हिडिओ कॉलवर बघणं. "हा एक सांभाळून ठेवलाय," असं तो त्या डोळ्यावर बोट ठेवून म्हणायचा. कानाचं यंत्र मात्र अंगणात आला की काढून खिशात टाकायचा, कारण वाऱ्याने ते शिट्टी मारतं अशी त्याची तक्रार होती.

आमच्या दोघांच्या मागच्या अंगणांमध्ये लाकडी फळ्यांचं उंच कुंपण. त्याच्यावरून तो मान काढायचा, इथल्या म्हाताऱ्यांच्या सवयीने मला 'लव्ह' म्हणायचा आणि शिकवायचा. त्याच्याकडच्या जुन्या, जाड काचेच्या, लांब मानेच्या तपकिरी लाँगनेक बाटल्याही त्याने मला देऊन टाकल्या.

"बिअर करणं म्हणजे मुख्यतः भांडी घासणं," तो म्हणाला होता.

मी आईला ते मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "मग यात त्यांनी नवीन काय शिकवलं?"

नवीन होतं ते फेसाचं. बाटली आधी सोड्याच्या गरम पाण्याने आणि लांब ब्रशने घासायची, उजेडात धरून आत बघायची. मग निर्जंतुक करणाऱ्या द्रावणात बुडवायची. त्या द्रावणाचा भरपूर फेस होतो आणि तो फेस बाटलीत तसाच ठेवायचा. बाटली उलटी करून निथळायची, धुवायची नाही, पुसायची नाही, आत फुंकर घालायची नाही, आणि तशा फेसाळ बाटलीतच बिअर भरायची. तो फेस पोटाला बाधत नाही. उलट तो धुतला की नळाचं पाणी, हवा, फडकी, बोटं, सगळ्यांचे जंतू पुन्हा आत शिरतात. ते जंतू झाकणाच्या आत बसून, यीस्टला पचत नाही तेही खातात आणि गॅस करतात. गॅसला जायला वाट नसते.

"मग?" मी विचारलं होतं.

"मग बाटली फुटते. आणि काच किती जाड आहे ते बघितलंस ना? तेवढ्या जाडीचे तुकडे उडतात." हे सांगताना त्याचा हात आपसूक उजव्या डोळ्याकडे गेला. पण स्वतःचाच नियम मोडणारं एक लाडकं कामही तो कधी चुकवायचा नाही. बाटली उघडण्याआधी तो चष्मा कपाळावर सरकवायचा, बाटली उन्हात अगदी डोळ्याजवळ धरायचा आणि तळाचा गाळ नीट बसलाय का ते बघायचा. त्याशिवाय उघडायची नाही, असा त्याचा दंडक होता.

बाटल्या भरायच्या दिवशी मी सकाळी सगळ्या बाटल्या द्रावणातून काढल्या आणि लाँड्रीत जाळीवर उलट्या ठेवल्या. तेवढ्यात मॅनेजरचा कॉल आला. आमचा प्रोजेक्ट घसरला होता आणि खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं याची चर्चा लांबत गेली. मी परत आले तेव्हा बाटल्या सरळ उभ्या होत्या, लख्ख, आत फेसाचा टिपूस नाही. निथळून गेला असेल असं मला वाटलं. हिंगाचा वास येत होता, पण आमच्या घरात हिंगाचा वास कधी नसतो? आमटीची फोडणी असेल म्हणून मी ड्रमची तोटी उघडली. बिअर भरली, पत्र्याची झाकणं दाबून बसवली, बाटल्या गॅरेजमध्ये ठेवल्या. काही आठवडे गेल्यावर त्यांतल्या सहा बाटल्या गुरुदक्षिणा म्हणून शेजाऱ्याच्या दारात ठेवून आले. दुसऱ्याच्या घरात जायला तेव्हा बंदीच होती. त्याने खिडकीतून अंगठा दाखवला आणि ओरडून सांगितलं, "पहिल्या कडक उन्हाच्या दिवशी उघडेन. जेवणाच्या आधी."

वेरिबीत थंडी संपता संपत नाही, आणि मग एक दिवस अचानक उत्तरेकडून भट्टीसारखा वारा सुटतो. ऑक्टोबरमध्ये असा एक दिवस आला. सकाळपासून घर तापत होतं. मी जेवायला उठतच होते तेव्हा गॅरेजमधून आवाज झाला. आवाज कसला, दणका. भिंत हलली. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "सिलिंडर! सिलिंडर!" आमच्या घरात सिलिंडर नव्हता.

मी गॅरेजचं दार उघडलं. जमीन ओली होती आणि आंबट, कुजकट वास होता. एका बाटलीचं नुसतं बूड उरलं होतं. तिची बाकीची काच खोक्यांवर, कपड्यांच्या स्टँडवर, सगळीकडे होती. आणि समोरच्या भिंतीत, माझ्या तोंडाच्या उंचीवर, एक लांबट तपकिरी तुकडा रुतून बसला होता. मी त्याच्याकडे बघत असतानाच दुसरी बाटली फुटली. मी दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिले.

आई समोर उभी होती. भेदरलेली, पण नुसती आवाजाने भेदरलेली नव्हती. मी तिला ओळखते.

"त्या बाटल्यांना साबण राहिला होता," ती म्हणाली. "मी काढला."

"काढला म्हणजे?"

"नळाखाली धुतल्या. मग आतून पुसल्या. उलथन्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून. आणि हिंगाची धुरी दिली, लोणच्याच्या बरणीला देतो तशी. लोणचं वर्ष-वर्ष टिकतं, त्याला काही होत नाही."

"कुठलं फडकं?"

"इडलीच्या पिठावर झाकलेलं. स्वच्छ होतं गं, रोज धुते मी."

इडलीचं पीठ. जे रात्रभरात भांड्याबाहेर येतं, ज्याच्या फुगण्याचं तिला एवढं कौतुक, ते पीठ. मी तिच्यावर जे ओरडले ते इथे लिहायची माझी इच्छा नाही. कुणी सांगितलं होतं, कशाला हात लावतेस, इथे येऊन सगळं बिघडवून ठेवतेस, असलं बरंच काही. मला राग आला की तो माझ्या आईच्या मापाने येत नाही, सगळ्या जगाच्या मापाने येतो. ती खाली मान घालून ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "तू ते पिणारच होतीस. माझं ऐकणार नव्हतीस. निदान साबण तरी पोटात जाऊ नये, असं वाटलं."

तेवढ्यात मला शेजारी आठवला. त्याच फडक्याने पुसलेल्या सहा बाटल्या. आज पहिलं कडक ऊन. आणि जेवणाची वेळ.

मी फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावत लावत मी पुढच्या दाराने बाहेर पळाले. मागून आई म्हणत होती, "आत जाऊ नकोस हां! दुसऱ्याच्या घरात जायला बंदी आहे! पोलीस आले तर?"

"त्याचा डोळा जाईल, आई!" मी ओरडले. "एकच आहे त्याला!"

त्याची गाडी दारातच होती. मी बेल दाबली, दार बडवलं, खिडकीच्या काचेवर थापा मारल्या. आतून काहीच हालचाल नाही. म्हणजे तो मागे अंगणात होता, आणि अंगणात म्हणजे कानाचं यंत्र खिशात. बाजूच्या गल्लीतून मागे जायचं फाटक आतून कडी लावून बंद होतं. मी ते हलवलं, लाथा मारल्या, ते हललं नाही. माझ्या कानात नुसता तो दणका घुमत होता आणि डोळ्यांपुढे भिंतीतला तो तुकडा होता. मग मला सुचलं की आमच्या मागच्या कुंपणावरून चढता येईल, आणि मी उलट्या पावली घरातून मागे धावले.

आई माझ्या आधी तिथे पोचली होती. प्लास्टिकचं स्टूल कुंपणाला लावून त्याच्यावर उभी. मास्क नाही, हातमोजे नाहीत, साडीचा पदर कमरेला खोचलेला. जी बाई कचऱ्याच्या डब्याला पासपोर्ट न्यायची ती दुसऱ्याच्या अंगणात मान घालून जिवाच्या आकांताने मराठीत ओरडत होती.

"ओ बाबा! ओ बाबा! ठेवा ती खाली! ठेवा!"

मी फळ्यांच्या फटीतून बघितलं. लिंबाच्या झाडाशेजारी तो खुर्ची टाकून उन्हात बसला होता. त्याची डावी बाजू आमच्याकडे होती. त्या बाजूने त्याला दिसत नव्हतं आणि कुठल्याच बाजूने ऐकू येत नव्हतं. पायाशी बाटल्यांचं खोकं. चष्मा कपाळावर. त्याने एक बाटली उचलली, फडक्याने पुसली आणि उन्हात वर धरली. मग सवयीने ती हळूहळू डोळ्याजवळ न्यायला लागला.

मी त्याच्या नावाने किंचाळले. कुंपणाच्या आडव्या पट्टीवर पाय ठेवला, तो घसरला, पुन्हा ठेवला. वर चढेपर्यंत किती वेळ लागेल, पलीकडे उडी मारून धावत गेले आणि नेमकं माझ्याच हातात ते फुटलं तर, असं सगळं एकदम डोक्यात आलं. हे विचार मला खरंच आले, आणि ते आल्याची लाजही वाटली.

आई स्टुलावरून उतरली. मला वाटलं, तिला चक्कर आली. ती मेथीच्या वाफ्याकडे गेली, पाण्याचा नळ पूर्ण सोडला आणि पाइप ओढत परत स्टुलावर चढली. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला. धार उंच गेली, आधी लिंबाच्या झाडावर पडली, मग खुर्चीच्या पाठीवर, आणि मग थेट त्याच्या मानेवर.

तो ताडकन उठला. एक सणसणीत शिवी दिली. बाटली त्याच्या हातून निसटली, विटांवर आपटली आणि फुटली.

पुन्हा तोच दणका. मी वर पोचले होते. बघितलं तर तो वाकून उभा होता आणि त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला होता. बोटांमधून रक्त येत होतं. पलीकडे उडी कशी मारली ते मला आठवत नाही, गुडघा फुटला होता हे नंतर कळलं. मी खोकं पायाने लांब ढकललं नाही, खोक्याजवळ जायचीच भीती वाटली. म्हाताऱ्याला दंडाला धरून ओढत कुंपणापाशी आणलं.

"हात काढ," मी म्हणाले. "मला बघू दे. हात काढ."

"मला दिसत नाहीये, लव्ह," तो म्हणाला. अगदी हळू आवाजात.

एवढी वर्षं सांभाळलेला एक डोळा. तो माझ्या रागापायी, नवऱ्याने टाकून दिलेल्या एका ड्रमपायी गेला, असं मला त्या क्षणी वाटलं.

"चोळू देऊ नकोस!" वरून आई ओरडली. तिने पाइप कुंपणावरून आत सोडला होता. अंगठा काढून धार सौम्य केली होती. "हळूहळू पाणी घाल. वरून घाल. काच असेल तर वाहून जाईल."

मी त्याचे हात बाजूला केले आणि पाणी घातलं. एका हाताने पाइप, दुसऱ्या हाताने फोनवर अँब्युलन्स. रक्त, बिअर आणि पाणी त्याच्या शर्टावरून वाहत होतं. जखम गालाच्या हाडावर होती, डोळ्याच्या अगदी खाली, बोटभर खाली. पण पापणी घट्ट मिटलेली होती आणि आत काय झालंय ते कळायला मार्ग नव्हता. फोनवरची बाई मला पत्ता विचारत होती आणि मला माझ्याच गल्लीचं नाव आठवत नव्हतं.

"उघडून बघ," मी म्हणाले.

"नको," तो म्हणाला. "थांब जरा."

तो घाबरला होता. डोळा दुखत होता म्हणून तो थांबला नव्हता. उघडल्यावर अंधारच असला तर, याची त्याला भीती होती. मला ते समजलं आणि माझी पुन्हा सांगायची हिंमत होईना. पाणी वाहत राहिलं. मग त्याने एक मोठा श्वास घेतला आणि पापणी वर केली. डोळा लालभडक होता. तो इकडेतिकडे फिरला, माझ्यावरून गेला, लिंबाच्या झाडावरून गेला, आणि वर कुंपणाकडे थांबला.

तिथे आई होती. तिला इंग्रजी बोलता येत नाही आणि त्याला मराठी. तिने हात वर केला आणि तीन बोटं दाखवली.

तो बघत राहिला. ओठ हलले. "थ्री," तो म्हणाला.

आईने मान हलवली नाही. बोटं बदलली. एकच ठेवलं.

"वन."

तरी तिची खात्री होईना. तिने पंजा पूर्ण उघडला आणि हात लांब केला, जेवढा पोचेल तेवढा.

"फाइव्ह," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, "फाइव्ह, लव्ह."

आईने तो पंजा तसाच स्वतःच्या तोंडावर दाबला आणि मोठ्याने रडायला लागली. विमानं बंद झाली तेव्हा ती रडली नव्हती. माझा संसार मोडला तेव्हा माझ्यासमोर तरी रडली नव्हती. मी अर्ध्या तासापूर्वी तिला नको नको ते बोलले तेव्हाही नाही. आता स्टुलावर उभी राहून ती लहान मुलासारखी हमसून हमसून रडत होती.

म्हातारा गोंधळला. ओल्या बाहीने गालावरचं रक्त टिपत त्याने मला विचारलं, "तिला काय झालं? तिला लागलं का कुठे?"

मी कुंपणाशी गुडघे टेकले. खालची एक फळी निखळली होती. त्या फटीतून मी हात घातला आणि आईचा पाय धरला. माझा हात तेवढाच पोचत होता.